पांढऱ्या बोटांचा

प्रिय जिपार,

तुझं पाकीट पोचलं. पोस्टातल्या बाईने ते कुंदुझच्या हातात दिलं, कुंदुझने चुलीवरच्या फळीवर मिठाच्या डब्याला टेकवून ठेवलं, आणि कणकेचे बोर्सोक तळून झाल्यावर तेलकट हात पुसत मला म्हणाली, "अगाय, राजधानीहून तुमची परीक्षा आलीय." कुंदुझ म्हणजे माझ्या धाकट्याची बायको. तू मागे आलीस तेव्हा ती या घरात नव्हती, खरं तर जगातच नव्हती. मी शाळेतून निवृत्त होऊन एक पिढी उलटली तरी गाव मला अगाय, म्हणजे गुरुजीच म्हणतं, आणि सूनही तेच म्हणते, कारण सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं आणि 'बाबा' म्हणायला तिला अजून लाज वाटते. तर मी पाकीट उघडलं आणि खरंच परीक्षा निघाली. एक प्रश्न, सहा उत्तरं, प्रत्येकापुढे चौकोन, योग्य त्यावर खूण करा. जन्मभर मी पोरांना असले कागद वाटले. त्या सगळ्यांच्या वतीने तू सूड उगवलास.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं. चुकलं असेल तर लाल शाईने दुरुस्त कर. तुमच्या संस्थेचं नियतकालिक यापुढे कपाटात बंद राहणार नाही. जगात कुणालाही, कुठूनही, पैसे न देता वाचता येईल. त्यात तुझा लेख येणार, मेंढीने परकं कोकरू पदरात घ्यावं म्हणून आपल्या बायका जे गातात त्यावरचा, आणि लेखाच्या जोडीला बुरुलचं गाणं, तिच्या आवाजासकट. लेख तुझा, त्याचं तू बघशील. गाणं बुरुलचं, आणि बुरुल आता नाही, म्हणून त्या गाण्याचं लोकांनी पुढे काय करावं आणि काय करू नये याचा परवाना मी निवडायचा. एकदा दिला की परत घेता येत नाही, हे वाक्य तू दोनदा अधोरेखित केलंयस. शेवटच्या चौकोनाशी पेन्सिलीची बारीक खूण आहे आणि समासात तुझं तेच डावीकडे कलणारं अक्षर: "सागिनाली, माझं ऐकशील तर हा घे. नाव सांगा, विकू नका, बदलू नका. तिच्या आवाजाला कुणाचा हात लागायला नको."

मला ते लगेच पटलं. बुरुल गेल्यापासून तिची शालसुद्धा मी खुंटीवरून हलू दिलेली नाही, मग आवाज कुणाच्या हाती का देईन. कुणी लांब गेलं की ती म्हणायची, "पाठ गार पडली." पोरगा सैन्यात गेला तेव्हा तेच म्हणाली, थोरली लग्न होऊन गेली तेव्हाही तेच. हल्ली चुलीकडे तोंड करून बसलो की मला ते वाक्य आठवतं. असो. पेनाचं टोपण काढलं होतं. पण माझी खोड तुला माहीत आहे. उत्तर लिहायच्या आधी मी उरलेली उत्तरं वाचतो, ती का चूक आहेत ते बघायला. तिथेच घोडं अडलं.

काय गमतीचा कागद आहे हा. अटी चारच: नाव सांगा, विकू नका, बदलू नका, तसंच वाटा. यातली पहिली सहाही परवान्यांत आहे, वृत्तातल्या यतीसारखी, ती हलत नाही. बाकीच्या तिघी येतात-जातात. 'बदलू नका' आणि 'तसंच वाटा' मात्र एका घरात नांदत नाहीत. का, ते मी बराच वेळ शोधत होतो. मग हसू आलं, बदलूच दिलं नाही तर बदललेलं वाटणार कुठून. शिवाय 'बदलू नका' म्हटलं की भाषांतर करूनही वाटायचं नाही, असं खाली बारीक अक्षरात आहे. म्हणजे डोंगरापलीकडच्या एखाद्या कझाक बाईला हे गाणं ऐकता येईल, पण स्वतःच्या बोलीत करून शेजारणीला पाठवता येणार नाही. मला आपण दोघं शिकत होतो तो वर्ग आठवला. खिडकीबाहेर बर्फ आणि फळ्यावर कुठल्याशा उन्हाळी देशाची कविता. त्या देशात मी कधी गेलो नाही, पण तिथल्या लिंबांचा वास मला अजून येतो. कुणीतरी ती आपल्या भाषेत बदलली म्हणूनच ना तो इथवर आला.

ओसमोन आठवतो का तुला, तुमच्या गवतकापणीच्या तुकडीला घोडागाडीतून दूध आणायचा तो? आता त्याला गुडघे नाहीत, फक्त तोंड आहे. तो चहाला आला तेव्हा कागद त्याला वाचून दाखवला. म्हणाला, "विकू नका म्हणजे? माझी भाची उन्हाळ्यात वर कुरणावर पाहुण्यांसाठी युर्तचा तंबू लावते. जेवू घालते, गाऊन दाखवते, पैसे घेते. तिने हे म्हटलं तर तिला धरून नेणार?" मी म्हटलं, धरून नाही नेणार, पण तिला वेगळी परवानगी काढावी लागेल. "कुणाकडून?" माझ्याकडून. "आणि तू गेलास की? तुझ्या थडग्याशी येऊन परवानगीसाठी खोकायचं?" मी म्हटलं, मग अट काढून टाकतो. तेव्हा त्याने मिशीतल्या मिशीत हसत चहाची वाटी खाली ठेवली. "काढ की. मग बाजारातला खाटीक हेच गाणं दुकानात लावेल. आईने पिल्लू जवळ घ्यावं म्हणून बुरुल गातेय, आणि खाली सुरा चाललाय. गिऱ्हाईक म्हणेल, वा, मटण अगदी मायेचं आहे."

तो हसला. खाटकाची ती कल्पना मग माझ्या डोक्यातून निघेना. तुझ्या पेन्सिलीच्या खुणेची भिंत मला पुन्हा बरी वाटू लागली. एका बाजूला खाटीक, दुसऱ्या बाजूला ती कझाक बाई, आणि मध्ये मी, हातात उघडा पेन.

'तसंच वाटा' हे मात्र मला प्रथम कळलंच नाही. वाटलेलं घ्यायचं, त्यात आपलं काही घालायचं, आणि ते याच अटीवर पुढे द्यायचं. मी मोठ्याने वाचत होतो तेव्हा कुंदुझ दह्याची बरणी धूत होती. माझं मलाच सुचलं आणि मी तिला म्हटलं, हे आपल्या आयरानच्या विरजणासारखं आहे गं. शेजारीण विरजण देते, भांडं रिकामं परत जात नाही, आणि त्याच विरजणाचं आपण लावलेलं तिसरीने मागितलं तर नाही म्हणता येत नाही. मला वाटलं, ती माझं कौतुक करील. ती म्हणाली, "विरजणाला सही लागत नाही, अगाय. ते झाकण द्या इकडे." थोड्या वेळाने बरणी उन्हात पालथी घालताना मात्र स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "कुणाचं विरजण ते मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. माझं शेजारच्या तोक्तोकानच्या आजेसासूचं आहे. ती बाई मी पाहिलेलीसुद्धा नाही."

तुला सांगतो, या कागदाने मला त्या उन्हाळ्यात नेऊन सोडलं. तुमची विद्यार्थ्यांची तुकडी नदीच्या पलीकडच्या काठाला उतरली होती आणि मी, या गावचा म्हणून, अलीकडे. वर्गात आपण शेजारच्या बाकांवर बसायचो आणि इथे मध्ये अख्खी नारिन. पूल पुराने नेला होता. संध्याकाळी गवताच्या गंजीवर चढून मी एखाद्या पाठ कवितेची अर्धी ओळ ओरडायचो आणि तू उरलेली अर्धी परत फेकायचीस. पाणी निम्मे शब्द खायचं. मग तू ऐकू न आलेलं स्वतःचं जोडायचीस, मी त्याला माझं जोडायचो, आणि कवितेला परत घरी जायची वाट सापडायची नाही. एकदा एका गंभीर देशभक्तीच्या कवितेत तू बटाटे घातलेस. तुमच्या तुकडीच्या प्रमुखाने तुला बोलावून घेतलं होतं. आपण त्या एका उन्हाळ्यात किती परवाने मोडले असतील. पण खरं सांग, त्यातली एक तरी कविता मेली का? बटाट्यांची तर मला अजून येते. मग गवत संपलं, तुमचा ट्रक आला, मागच्या फळीवर तू पाठमोरी बसली होतीस, डोक्याला पिवळा रुमाल. मी गंजीवरून एक ओळ ओरडलो होतो. ती पाण्याने खाल्ली.

पुढचं तुला माहीत आहे. मी इथल्या शाळेत लागलो, बुरुल या घरात आली, तू टेप घेऊन खोरी पालथी घालू लागलीस. आणि मग एका वसंतात, कोकरांच्या दिवसांत, तू आमच्याच दारात उभी राहिलीस, खांद्याला ते लोखंडी धूड. बुरुलने तुला वरपासून खालपर्यंत बघितलं, चहा दिला, आणि मला म्हणाली, "जा, लाकडं फोड." गोठ्यात मेंढी मनवताना पुरुषाने थांबायचं नसतं, मेंढी लाजते म्हणतात. मी बाहेर लाकडं फोडत राहिलो. फळ्यांच्या दाराआडून तिचा आवाज यायचा, शब्द येत नसत. आयुष्यभर तसंच. दर वर्षी या दिवसांत मी त्या दाराबाहेर असायचो आणि आत ती कुठल्या तरी मेंढीची समजूत घालत असायची. काय म्हणतेस, असं मी कधी विचारलं नाही. ते बायकांचं. नंतर विचारायला ती राहिली नाही.

तू पाठवलेलं ते गाणं कुंदुझच्या फोनमध्ये आलं तेव्हा म्हणूनच मी ते लावू दिलं नाही. आज नको, म्हटलं. उद्याही नको म्हटलं. न ऐकताच खूण करून टाकणार होतो. परीक्षेत असल्या पोराला मी शून्य दिलं असतं.

शेवटी ऐकवलं ते कुंदुझच्या नाइलाजाने. आमच्या एका मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरीला जुळी झाली, त्यातलं एक या मेंढीला लावायचं होतं. ती जवळ येऊ देईना. हुंगायची आणि ढुशी मारायची. कुंदुझ गाऊन थकली, घसा बसला, आणि तिला वाटलं की फोन कशाला आहे मग. तिने सासूचा आवाज लावून फोन पेंढ्यावर ठेवला आणि ओरडली, "अगाय, आत या. मला चार हात नाहीत. कोकरू धरा." मी दाराशी घुटमळलो. "लाजू दे तिला," ती म्हणाली, "मी बघून घेते."

तर असा मी प्रथमच आत होतो. ओल्या लोकरीचा वास, अंगाशी थरथरणारं कोकरू, आणि फोनमधून आधी कुठल्या तरी जुन्या मेंढीचा खोकला, मग बुरुलला ताईच्या मानाने एजे म्हणणारा तुझा आवाज, "चालू आहे, एजे, म्हणा," आणि मग बुरुल. तरुण. मी विसरलोच होतो की ती तरुण होती. सुरुवातीला नुसतं पुचकारणं, तोई, तोई, आणि मग हे, जे तुझ्या लेखात तू टिपून घेतलंयस आणि मी वाचताना भरभर ओलांडून गेलो होतो, कारण कागदावर तिचा आवाज नव्हता:

तोई तोई, वेडे, तोई,
तुझ्या वासाचं नाही, तरी तुझंच हे.
पांढऱ्या बोटांच्याचं बोलणं
माझ्या जिभेवर वळलं:
पलीकडच्या तीरा, पाणी फार मोठं झालं,
दाराशी आलंय, जवळ घे.

मेंढीने फोनला लाथ मारली. फोन शेणात. आतून बुरुल गातच होती, पण आता शेणातून. मेंढीचं त्या आवाजाकडे लक्षच नव्हतं. तिला समोर तोंड दिसत नव्हतं, हात लागत नव्हता. कुंदुझने आपल्या बसलेल्या घशाने फोनच्या मागोमाग म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता पुढे निघून गेली. "तोई गं भवाने, लाथाडतेस काय, पलीकडच्या शहरा, रस्ता फार मोठा झाला, पैसे नकोत, फोन नको, दाराशी ये मेल्या, जवळ घे." तिचा नवरा, म्हणजे माझा मुलगा, मॉस्कोत इमारती रंगवतो. मी कोकरू धरून खाली बघत राहिलो. मेंढीने ऐकलं की ती दमली, सांगता येणार नाही. पण तिने पाय रोवून धरले आणि कोकराला लुचू दिलं. कुंदुझ नाक पुसत म्हणाली, "सासूबाईंचं नुसतं लावून भागत नाही. आपलं काही घालावं लागतं." मग फोन शेणातून काढून तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू तो मीच पाडला होता.

त्या संध्याकाळी मी तुझा लेख पुन्हा काढला आणि ती तळटीप वाचली. किती सुंदर लिहिली आहेस, जिपार. 'पांढऱ्या बोटांचा' हा मेंढ्यांचा फार जुना राखणदार असावा, बोटांवर बर्फ घेऊन हिवाळ्याच्या शेवटी गोठ्याच्या दाराशी येणारा, इतर खोऱ्यांतून त्याची आठवण पुसली गेली, फक्त आमच्या आक-तेरेक गावात ती एका गाण्यापुरती उरली. आणि पुढे, 'पलीकडच्या तीरा' या ओळीत एक अक्षर जास्तीचं आहे, ते ओळीच्या प्राचीनतेची खूण म्हणावी लागेल. मी वाचलं आणि मला आपले वृत्तांचे सर आठवले, वर्गासमोर माझी वही धरून उभे: "सागिनाली, तुझी प्रत्येक तिसरी ओळ लंगडते. हा दोष पायांत नाही, कानांत आहे." तू खूप हसली होतीस.

तो राखणदार मी आहे, जिपार.

रागावू नकोस, आणि लाजूही नकोस. आपल्याकडच्या कुठल्याही सुनेने ते चुटकीसरशी ओळखलं असतं. तू शहरात वाढलीस आणि कुणाची सून झाली नाहीस, त्यामुळे तुझ्या जिभेला ही अडचण कधी आली नाही. पुस्तकातून ती ठाऊक असणं वेगळं. बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि प्रत्येक बाई मग आपला शब्द शोधते. ओसमोनची बायको त्याला मरेपर्यंत 'दारातला खोकला' म्हणत होती. मी शाळेतून यायचो तो खडूने भरलेली बोटं घेऊन, आणि न धुता कणकेला हात लावायचो. बुरुलने पहिल्याच हिवाळ्यात माझं नाव ठेवलं. पाहुण्यांना सांगायची, "पांढऱ्या बोटांचा येईलच एवढ्यात."

आणि नुसतं नाव टाळून भागत नाही, नावासारखा ऐकू येणारा शब्दही टाळायचा असतो. माझ्या नावाच्या पोटात 'सागिन' आहे, म्हणजे सय येणं. उशिरा झालेलं पोर, वाट बघून बघून आईवडिलांना आलेली सय, तीच त्यांनी मला चिकटवली. त्यामुळे या घरात आल्या दिवसापासून बुरुलला 'मला सय येते' हे म्हणताच आलं नाही. सगळ्या गावच्या बायका म्हणायच्या, ती म्हणायची, पाठ गार पडली. मी तिचं ते बोलणं थंडीचं समजायचो आणि चुलीत एक लाकूड जास्त टाकायचो.

ट्रक गेला तेव्हा मी ओरडलेली ओळ अशी होती: पलीकडच्या तीरा, पाणी फार मोठं झालं, मला तुझी सय येते. लंगडी आहे, मान्य. कागदावर मी ती कधी लिहिली नाही, कुणाला दाखवली नाही. पण लाकडं फोडताना माणूस काहीतरी गुणगुणतोच, आणि कुऱ्हाडीला ती ओळ बरोबर बसायची. बुरुलने किती हिवाळे ती ऐकली असेल कोण जाणे. शेवटचा शब्द तिला उच्चारता येत नव्हता. तिथे तिने दुसरा घातला, जवळ घे. लंगडी माझी होती तेवढीच राहिली, पण उभी राहिली ती तिच्या शब्दावर. माझी ओळ नुसती मागे बघत होती. तिने तिला दाराशी आणलं. कुणाच्या तरी दुसऱ्याच्या नावाने जन्मलेलं पोरकं बोलणं तिने हुंगलं, वास परका होता, आणि तरी पदरात घेतलं. 'बदलू नका' असा परवाना त्या ओळीला असता तर हे गाणंच झालं नसतं. आणि बघ, तुझ्या कागदातली पहिली अट तिने आधीच पाळली होती. कुणाचं ते सांगितलं, नाव न घेता. आपण काय बदललं तेही सांगितलं: माझ्या जिभेवर वळलं. तुमच्या संस्थेला हे सुचायच्या किती आधी, शेणात उभं राहून.

तेव्हा खूण मी केली आहे. तुझ्या पेन्सिलीच्या चौकोनात नाही, त्याच्या बऱ्याच वर: नाव सांगा, तसंच वाटा. खाटीक लावणार असेल तर लावो, पण त्याला बुरुलचं नाव भिंतीवर लिहावं लागेल, आणि ओसमोन म्हणतो की तो रोज जाऊन ते वाचून येईल. भाची गाईल, कझाक बाई आपल्या बोलीत करील, कुंदुझ मॉस्को घालील. नावाच्या जागी माझं लिहू नकोस. असं लिही: गाणारी बुरुल, आक-तेरेक, शब्द तिच्या घरच्या पांढऱ्या बोटांच्याचे, तिने बदललेले. तळटीप ठेवायची की काढायची ते तुझं तू ठरव. इतक्या सुंदर राखणदाराची जागा मला द्यायला माझंच मन होत नाही.

मग हे पत्र कशाला, खूण केलेला कागद परत पाठवला असता, असं तू म्हणशील. पण सही राहिली आहे. कागदाच्या तळाशी एक ओळ आहे, असल्या ओळी कुणी वाचत नाही: 'यावर इतर कुणाचाही हक्क नाही, असे मी जाहीर करतो.' तिथे पेन थांबला, कारण ती ओळ ज्या तीरासाठी होती त्याला विचारलेलं नाही. आणि आणखी एक. गाणं संपल्यावर टेप थोडी चालूच राहिली आहे. तू लेखात घेतलं नाहीस, त्यात घेण्यासारखं तुला काही वाटलं नसेल. पेंढा वाजतो, कोकरू लुचत असावं, आणि बुरुल तुला विचारते, "पोचलं का गं?" तू घाईत, तरुण, म्हणतेस, "पोचलं, एजे, काटा हलत होता." तू यंत्राचं सांगत होतीस. ती यंत्राचं विचारत नव्हती. त्या दिवशी तिने मला लाकडं फोडायला का घालवलं आणि गाणं कुणाकडे बघून म्हटलं, हे मला आता, एका परवान्याच्या निमित्ताने कळलं. तिने माझं राहिलेलं टपाल पोचवलं, स्वतःच्या शब्दात, आणि परत येऊन मला चहा दिला. नूरुझ, वसंताचा सण, तोंडावर आला आहे, चूल पेटलेली आहे, कुंदुझने शेगडीही आणून ठेवली आहे, तरी पाठ गार आहे. सही करण्याआधी मला तुझ्याकडून एवढंच हवं. यंत्राचं सोड, जिपार. पोचलं का?

तुझाच,
पांढऱ्या बोटांचा